सोळावी चूक

(दृश्य : टेबलावर ट्रेझर वन. दोन बटणं, छोटा पडदा.)

काडेपेटीपेक्षा चपटं हे क्रिप्टो चलनाचं पाकीट, ट्रेझर वन. यात पैसे नाहीत. थीटा नावाची टोकन्स, म्हणजे डिजिटल नाणी, ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल खातेवहीवर सगळ्या जगासमोर पडून आहेत; ती हलवायला लागणारी प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, तेवढी आत आहे. आणि कीवर पिनचा पहारा.

२०१८च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका उद्योजकाने मित्राबरोबर ५० हजार डॉलर या टोकन्समध्ये घातले. भाव पडला, विकायचं ठरलं, तर पिन लिहिलेला कागदच सापडेना. अंदाज १२ वेळा चुकला. दर चुकीनंतर थांबायचा वेळ दुप्पट. सोळाव्या चुकीला सगळं पुसलं जाणार. दोघांनी नाद सोडला. मग २०२१ उजाडलं आणि तीच टोकन्स २० लाख डॉलरांच्या वर गेली.

(दृश्य : अमेरिकेतलं पोर्टलंड. सोल्डरिंगचा धूर, ऑसिलोस्कोपवरची रेघ.)

उद्योजकाने गाठलेला हा हार्डवेअर हॅकर, नाव जो ग्रँड. दहाव्या वर्षापासून यंत्रं खोलतोय. गिऱ्हाइकाच्या पाकिटाला त्याने लगेच हात लावला नाही. तशीच दुसरी पाकिटं आणली, त्यांत तेच जुनं सॉफ्टवेअर भरलं आणि आठवडेच्या आठवडे त्यांच्यावर हात बसवला.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली चिप.)

पाकीट सुरू होताना ही चिप आधी स्वतःचं कुलूप तपासते. नेमक्या त्या क्षणी तिचा वीजदाब किंचित पाडायचा. चालत्या माणसाला ठेच लागावी, तसं. ठेच अचूक बसली तर चिप कुलूप सैल आहे असं समजते, आणि बाहेरून तिची तात्पुरती मेमरी वाचता येते. या जुन्या आवृत्तीत पिन आणि की, दोन्ही सुरुवातीलाच त्या मेमरीत कॉपी होत. क्षण जरा चुकला तर काहीच नाही. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा ठेच. हे काम संगणकावर सोपवलेलं. माणसं नुसती बसून. तीन तासांहून जास्त.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर पिन. पाच आकडे.)

मालकाने टोकन्स तिथल्या तिथे दुसरीकडे हलवली, ग्रँडचा वाटा चुकता केला. ट्रेझर बनवणाऱ्या कंपनीने सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत मेमरीतली ती कॉपी आधीच बंद केली होती. जुनं पाकीट चोराच्या हाती पडलं तर त्यालाही हीच वाट मोकळी, हेही खरंच.

(दृश्य : ग्रँडचा चेहरा. निवेदन नाही, खोलीतला मूळ आवाज.)