मार्केट हार्बरोची तार

श्रोतेहो, नमस्कार. फादर ब्राउन हा छत्री सांभाळत हिंडणारा, दिसायला अगदी भाबडा असा धर्मोपदेशक-गुप्तहेर ज्यांनी निर्माण केला, त्या गिल्बर्ट कीथ चेस्टरटन यांच्या चमकदार वचनांविषयी आज बोलायचे आहे. १८७४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या निबंधकाराने १९०५ पासून १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये सदर लिहिले.

त्यांचे एक वचन ऐका. गैरसोयीकडे नीट पाहिले की तिचे साहस होते आणि साहसाकडे चुकीच्या नजरेने पाहिले की त्याची गैरसोय होते. पुन्हा सांगतो : गैरसोयीकडे नीट पाहिले की तिचे साहस होते. हे वचन वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे धावण्याविषयीच्या निबंधात येते. अडकलेला खण ओढताना आपण समुद्रातून जीवरक्षक होडी ओढून काढत आहोत अशी कल्पना करा, असे ते तिथे सुचवतात. अशी वचने निबंधातून खुडून मोबाइलवर फिरवली की त्यांचा जीवच जातो, असे माझे ठाम मत आहे.

आता मला अतिशय प्रिय असलेली गोष्ट सांगतो. चेस्टरटन व्याख्यानांसाठी गावोगाव फिरत. पण कुठल्या दिवशी कुठे जायचे, हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. असेच एकदा ते भलत्याच गावी उतरले आणि तिथून त्यांनी पत्नी फ्रान्सिस यांना तार केली : ‘मार्केट हार्बरो येथे आहे. मी कुठे असायला हवे?’ तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे शब्द तोलून वापरीत. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, तिच्याबरोबर ही शिस्तही गेली याचे मला फार वाईट वाटते. असो. फ्रान्सिसबाईंनी उत्तरादाखल एकच शब्द पाठवला : ‘घरी’. चेस्टरटन यांच्या चरित्रकार मेझी वॉर्ड यांना त्यांनी पुढे याचे कारण सांगितले. तिथून योग्य गावी जायचा रस्ता समजावण्यापेक्षा, त्यांना घरी बोलावून पुन्हा नव्याने रवाना करणे सोपे होते.

स्वतः चेस्टरटन यांनी ही तार आत्मचरित्रात नोंदवली आहे. ती खरोखर केली होती का, हे आपल्याला आठवत नाही, असे ते लिहितात. पण तसे घडणे अशक्य नाही आणि त्यात गैरवाजवीही काही नाही, असे ते पुढे म्हणतात.