पेशींची पकड

श्रोतेहो, नमस्कार.

बोटात काटा रुततो. काही तासांत ती जागा लाल होते, तापते, ठणकायला लागते. एखाद्या दिवसानं दाबलं तर पू येतो. हा पू म्हणजे बहुतांशी आपल्याच पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढून मेलेल्या. पण रक्तातून वेगानं वाहत जाणाऱ्या या पेशी नेमक्या तिथेच कशा थांबल्या? पेशींच्या अंगावर पकड घेणारी प्रथिनं असतात, त्यांना ॲड्हेजन रिसेप्टर म्हणतात. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

काट्याजवळच्या बारीक शिरेत डोकावू या. शिरेच्या आतल्या अस्तरात पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन आधीच साठवून ठेवलेलं असतं. इजेची खबर लागली की काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येतं. जवळून जाणारी पांढरी पेशी त्याला अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि भिंतीलगत गडगडत पुढे सरकते. ही पकड प्रवाहानं ओढली की एका मर्यादेपर्यंत उलट घट्टच होते! वेग कमी झाला की पेशीला भिंतीवरचे रासायनिक इशारे कळतात. मग तिच्या अंगावरची, एरवी वाकून बसलेली इंटिग्रिन नावाची प्रथिनं ताठ उभी राहतात आणि भिंतीला गच्च धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. जर्मन शास्त्रज्ञ कोनहाइम यांनी 1867 मध्ये बेडकाच्या शरीरात हे बाहेर पडणं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं. धरणारे हात कोणते, हे कळायला मात्र पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली.

ही पकड नसली तर काय होतं? काही बाळं अशा इंटिग्रिनच्या एका जनुकात दोष घेऊन जन्मतात. बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते, या बाळांची तीन आठवडे उलटले तरी चिकटूनच राहते. जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, पण पू धरत नाही. रक्त तपासावं तर पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या. रक्तात फौज दाटलेली आणि जखमेत शिपाई पोचत नाही. नाळ उशिरा पडली, ही आईनं सहज सांगितलेली गोष्ट म्हणूनच डॉक्टरांनी कान देऊन ऐकायला हवी.

जखम भरायची तर नव्या रक्तवाहिन्याही हव्यात. तिथेही हीच प्रथिनं लागतात. अस्तराच्या पेशी एकमेकींना कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं चेनसारख्या जोडलेल्या असतात. वाढीचा इशारा मिळाला की चेन थोडी सैल होते, टोकाची पेशी पुढे निघते आणि इंटिग्रिननं पेशींभोवतालच्या प्रथिनांच्या जाळ्याला धरत वाट काढते. अनेक इंटिग्रिन त्या जाळ्यातल्या जेमतेम तीन अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या तीन मण्यांची, खूण ओळखतात, हे 1984 मध्ये उघड झालं. जाळ्यावरची पकड पूर्ण सुटली तर पेशी मरते. म्हणजे पकडीतून तिला नुसता आधार मिळत नाही, जगण्याचा निरोपही मिळतो.

दाहासाठी आलेल्या पेशी स्वतःच वाहिन्या वाढवणारे इशारे सोडतात, आणि नव्या वाहिन्यांवरून आणखी पेशी उतरतात. सांध्यांच्या आमवातात हे चक्र थांबतच नाही.

मग पकडच सोडवली तर? कर्करोगाच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकी शल्यविशारद फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला होता. त्या वाहिन्यांचं इंटिग्रिन अडवणारं सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या कर्करोगावर मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकलं नाही. त्याआधी 2002 मध्ये, तेच इंटिग्रिन नसलेल्या उंदरांच्या गाठींत वाहिन्या उलट जास्त वाढलेल्या दिसल्या होत्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात; नतालिझुमॅब हे औषध त्यांना मेंदूत शिरण्यापासून रोखतं. ते 2004 मध्ये आलं, आणि काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणारा विषाणू उसळल्यानं 2005 मध्ये मागे घेतलं गेलं. 2006 मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर ते परत आलं. 2014 मध्ये मान्यता मिळालेलं वेडोलिझुमॅब मात्र नेमकी आतड्याकडे जाणाऱ्या पेशींची पकड सोडवतं. आतड्याचा दाह कमी होतो, आणि मेंदूत पहारा द्यायला जाणाऱ्या पेशींची वाट मोकळी राहते.