बर्फाच्या मैदानाखालचे किराणा दुकान : टोरोंटोचे मेपल लीफ गार्डन्स

नमस्कार. टोरोंटो शहरात कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या चौकात लॉब्लॉज कंपनीचे एक मोठे किराणा दुकान आहे. त्याच्या पंचविसाव्या रांगेत, फडताळांच्या मधोमध, फरशीवर एक लाल ठिपका रंगवलेला दिसतो. मेपल लीफ गार्डन्स या बंदिस्त स्टेडियममधील बर्फाच्या मैदानाचा मध्यबिंदू तेथे होता. सदुसष्ट वर्षे आइस हॉकीचे सामने जेथून सुरू झाले, तेथे आज किराणा विकला जातो. हे कसे घडले आणि त्यात काय वाचले, हे आज पाहू.

ही वास्तू महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, जून ते नोव्हेंबर अशा साधारण पाच महिन्यांत उभी राहिली. बांधकाम कामगारांनी मजुरीचा काही भाग कंपनीच्या समभागांच्या रूपाने स्वीकारला, म्हणून ती पुरी होऊ शकली. पहिल्या सामन्यात यजमान टोरोंटो मेपल लीफ्स हा हॉकी संघ शिकागोकडून हरला आणि १३ फेब्रुवारी १९९९ रोजी झालेल्या निरोपाच्या सामन्यातही शिकागोकडूनच हरला. मधल्या काळात बीटल्स १९६४ पासून सलग तीन वर्षे येथे गायले आणि १९६६ मध्ये मुहम्मद अली व जॉर्ज शुव्हालो यांची पंधरा फेऱ्यांची लढतही येथेच झाली.

संघ नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर २००४ मध्ये लॉब्लॉजने ही वास्तू विकत घेतली. नव्या स्टेडियमशी स्पर्धा होईल असा वापर येथे करू नये, ही विक्रेत्याची अट होती. माझ्या मते या वास्तूचे भवितव्य वास्तुविशारदांच्या आराखड्याआधी या अटीनेच ठरवले.

खरा प्रश्न आतल्या पोकळीचा होता. अशा इमारतीचे वैभव म्हणजे मध्ये एकही खांब नसलेले उंच छत. परंतु दुकानाला तेवढी उंची नको असते, त्याला सपाट जमीन, माल उतरवण्याची सोय आणि वाहनतळ हवा असतो, आणि प्रेक्षकांसाठी बांधलेल्या उतरत्या पायऱ्या त्याच्या काहीच कामाच्या नसतात. माँट्रियलच्या फोरम या अशाच जुन्या हॉकी स्टेडियममध्ये १९९६ नंतर आतला भाग रिकामा करून बावीस पडद्यांचे चित्रपटगृह व दुकाने थाटली गेली. तेथे मैदानाची खूण जपली आहे, पण ज्या अवकाशात जल्लोष घुमत असे तो अवकाशच तुकड्यांत वाटला गेला. मला ही फार मोठी हानी वाटते.

टोरोंटोत २००९ मध्ये शेजारचे रायर्सन विद्यापीठ भागीदार म्हणून पुढे आले आणि पोकळी आडवी विभागण्याचा मार्ग निघाला. आतील प्रेक्षागार पाडले गेले, तळघरात वाहनतळ झाला, रस्त्याच्या पातळीवर दुकान आले आणि तिसऱ्या मजल्यावर, मूळ पोलादी घुमटाखाली, पुन्हा बर्फाचे मैदान तयार झाले. बर्फ, तो गोठवणारी शीतयंत्रणा आणि प्रेक्षक यांचा सारा भार दुकानाच्या डोक्यावर पेलण्यासाठी जुन्या कवचाच्या आत जणू एक नवी इमारतच उभारावी लागली. विद्यापीठाच्या भागासाठी केंद्र सरकारने दोन कोटी डॉलर दिले आणि विद्यार्थ्यांनीही मतदान करून स्वतःवर शुल्क लावून घेतले. दुकान नोव्हेंबर २०११ मध्ये उघडले आणि क्रीडा केंद्र त्याच्या पुढच्या वर्षी. जुन्या खुर्च्यांपासून घडवलेले निळे मेपलचे पान दुकानाच्या भिंतीवर आहे.

किंमत मात्र मोजावी लागली. पूर्वी पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक बसत, आता तीन हजारही बसत नाहीत. दुकानात उभे राहून वर पाहिले तर घुमट दिसतही नाही. तो पाहायचा असेल तर क्रीडा केंद्राच्या बाजूने आत शिरून तिसऱ्या मजल्यावर, बर्फाच्या काठाशी जावे लागते.