दोन घास तरी खा म्हणताना

बीड, परभणी, हिंगोलीकडून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात माणसं येतात. सोबत घरचा डबा असतो, भाकरी आणि मुगाचं वरण. पुष्कळदा तो तसाच परत जातो. "अन्नावरची वासनाच उडाली बघा," सून सांगते. "मामा, दोन घास तरी खा म्हणलं की चिडतेत."

हा हट्ट नव्हे. कॅन्सर पसरला की गाठीमुळे आणि तिच्याशी झुंजणाऱ्या शरीरामुळेही रक्तात टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६, जीडीएफ-१५ असे पदार्थ वाढतात. ते मेंदूतली भूक दाबतात, दंड-मांड्यांचे स्नायू झिजवतात. साध्या उपासमारीत शरीर बराच काळ चरबीवर भागवतं आणि स्नायू जमेल तितके राखतं. इथे स्नायूही झपाट्यानं जातात. ६० किलोचा माणूस काही कारण नसताना सहा महिन्यांत ५७च्या खाली आला, तर डॉक्टर या झिजेचाच संशय घेतात. स्वादुपिंड आणि जठराच्या कॅन्सरमध्ये हे फार दिसतं. नुसतं जास्त खाऊ घालून ही झीज पुरती भरून येत नाही. तेव्हा भेटायला आलेल्या भावकीनं "नीट खाऊ घालत नाहीत" असं सुनेला ऐकवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पण सगळंच कॅन्सरच्या माथी मारू नका, एवढं कळकळीनं सांगतो. तोंडात बॅटरी मारून बघा, पांढरी बुरशी किंवा छाले आहेत का. संडास कधी झाली ते विचारा. मॉर्फिन या जोरदार वेदनाशामक औषधानं पोट बांधून येतं, म्हणून त्याच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. पोटात पाणी झालं, यकृत वाढलं, तर चार घासांत पोट गच्च होतं. मळमळ, न थांबलेलं दुखणं, खचलेलं मन यांनीही भूक मरते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. डॉक्टरांना एकेक करून सांगा.

भरलं ताट पुढे ठेवू नका. वाटीभर कण्या ताकात कालवून, थोड्या थोड्या वेळानं द्या. फोडणीच्या वासानं उमळत असेल तर गारच द्या.

आजार अगदी शेवटाला आला की बळजबरीचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तेव्हा मागतील तेवढंच, टेकून बसवून, चमच्यानं द्या. गिळता येईना झालं तर ओल्या कापडानं ओठ आणि तोंड ओलं ठेवा.