पाव मिलिमीटर

[दृश्य: बंद खिडक्यांवर पावसाचं पाणी. आत ट्यूबलाइटचा उजेड. बाकावर ओळीने ठेवलेले पत्र्याचे चपटे, गोल डबे.]

चवथ होऊन गेली, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरली, तरी गोव्यातल्या फोंड्यात पाऊस उसंत घेत नाही. हॉलच्या खिडक्या लावलेल्या आहेत. पंखेही बंद आहेत, कारण टार्गेटची कार्डं हलायला नकोत. आत दहा मिनिटं उभं राहिलं की सदरा पाठीला चिकटतो.

ही एअर रायफलची छोटी रेंज आहे, सहा लेनची. फायरिंग लाइनपासून टार्गेट बरोबर १० मीटरवर. एरवी संध्याकाळी इथे पोरंपोरी खांद्याला खांदा लावून सराव करतात. आज एकच लेन चालू आहे आणि तिथे कुणी उभं नाही. बाकाला बोल्ट मारून एक वजनदार वाइस बसवलाय आणि त्याच्या जबड्यात, रबराच्या पट्ट्यांमध्ये, रायफल आवळलेली आहे. आज परीक्षा रायफलीची आहे. माणसाला सुट्टी.

[दृश्य: टार्गेटचं कार्ड, अगदी जवळून. मधला पांढरा ठिपका.]

हा मधला ठिपका पाहा. याचा व्यास अर्धा मिलिमीटर. बॉलपेन टेकवून उचललं तर उमटेल, साधारण तेवढाच. दहा गुण मिळवायचे तर ४.५ मिलिमीटरच्या पेलेटची, म्हणजे छऱ्याची, कड या ठिपक्याला लागायला हवी. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं आणि गुण दशांशात मोजतात. अगदी मध्यावर बसलेल्या गोळीला १०.९. तिथून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. पात्रता फेरीत ६० गोळ्या आणि सव्वा तास वेळ. प्रत्येक गोळी सरासरी पाव मिलिमीटर बाहेर गेली तर शेवटी सहा गुण गेलेले असतात. सहा गुणांत माणूस फायनलमधून थेट घरी येतो.

हा पाव मिलिमीटर कुणाचा, ते शोधण्यासाठी आजचा सगळा खटाटोप आहे. नेमबाजाचा, रायफलीचा की पेलेटचा? कार्डावर भोक एकच दिसतं. ते कुणामुळे पडलं हे त्यावर लिहिलेलं नसतं.

[दृश्य: सोळा वर्षांची मुलगी चिमटीत एक पेलेट धरून उजेडात फिरवते आहे.]

डिचोलीहून दोन बस बदलून येते ही. पुढच्या महिन्यात तिची पहिली राज्य स्पर्धा. वाइसमधली रायफल क्लबची आहे, पण स्पर्धेत ती हिच्या खांद्याला असणार. हातातलं पेलेट शिशाचं, अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड. कमरेत बारीक, मागे घागऱ्यासारखं पसरलेलं आणि पुढून सपाट. तोंड सपाट असल्यामुळेच कागदात गोल, स्वच्छ भोक पडतं. टोकदार असतं तर कागद फाटला असता आणि गुणांवरून भांडणं झाली असती. घागऱ्याची कड दबलेली असेल तर ते पेलेट बाजूला जातं. ती एकेक तपासते, दबलेलं वेगळ्या वाटीत टाकते.

बाकावरच्या डब्यांवर छापलंय: ४.४९, ४.५०, ४.५१. पेलेटच्या डोक्याचे हे माप. फरक एक शतांश मिलिमीटरचा, आपल्या डोक्यावरचा केस त्याहून कितीतरी जाड. पण प्रत्येक बॅरलची, म्हणजे नळीची, आवड वेगळी. एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात घडलेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळं पेलेट मानवू शकतं. का, हे बॅरलकडे बघून कळत नाही. मारून बघावं लागतं.

[दृश्य: झडप बंद होण्याचा आवाज. 'टप्'. पुन्हा. 'टप्'.]

इथे शिकवणाऱ्या सरांची पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाच गोळ्या मारून निकाल द्यायचा नाही. पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात बसतात आणि त्या भोकाच्या प्रेमात पडून माणूस भलताच डबा विकत घेतो. त्यामुळे प्रत्येक डब्याला दहा-दहा गोळ्यांची तीन कार्डं. तीही सलग नाहीत. आधी पहिला डबा, मग दुसरा, मग तिसरा. पुढच्या फेरीत तिसरा पहिला येतो. कारण गोळी फेकणारी, रायफलीच्या सिलिंडरमधली दाबलेली हवा हळूहळू उतरत असते. सुरुवातीला २०० बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर तो सांभाळून घेतो, पण सगळ्यांत शेवटी आलेल्या डब्यावर अन्याय का करायचा?

मग व्हर्निअर घ्यायचा. भोकांच्या झुबक्याच्या सर्वांत दूरच्या दोन कडा मापायच्या आणि त्यातून पेलेटचे ४.५ वजा करायचे. मुलगी मोठ्याने वाचते, "सहा पॉइंट नऊ." सर वहीत लिहितात, दोन पॉइंट चार. पुढच्या डब्याचं कार्ड येतं, "पाच पॉइंट सहा." एक पॉइंट एक. तिचा चेहरा उजळतो.

सर मान हलवतात. "थांब गे बाय. अजून दोन कार्डं आहेत त्याची."

[दृश्य: वहीचं पान. वर रायफलीचा नंबर, तारीख, तापमान, सिलिंडरचा दाब.]

आता माझं थोडं सांगायला हवं. या रेंजवर कॅमेरा घेऊन आलो त्याला कारण आहे. कॉलेजात असताना मी नेमबाजी करायचो. हीच रायफल माझ्या खांद्याला असायची, वाइसमध्ये आहे तीच. निवड चाचणीच्या चार महिने आधी माझ्या गोळ्या डावीकडे जायला लागल्या. आज डावीकडे, उद्या डावीकडे आणि खाली, परवा मध्यावर. सगळे म्हणाले, मन खंबीर नाही. मीही मान्य केलं. पहाटे उठून धावलो, ध्यान केलं, रात्री डोळे मिटून काल्पनिक गोळ्या मारल्या. एका दुकानदाराने सांगितलं की मागची साइट, म्हणजे ज्यातून नेम धरतात ती, जुनी झालीय, परदेशी घे. भाऊ जहाजावर होता, त्याने पैसे पाठवले. नवी साइट आली. गोळ्या तशाच गेल्या. त्या वर्षी मी खेळ सोडला.

पुढे कधीतरी सरांनी ही रायफल उघडली. स्टॉक, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, आणि ॲक्शन, म्हणजे गोळी भरायची यंत्रणा, यांना जोडणारा पुढचा स्क्रू अर्धा आटा सैल होता. तो केव्हा सैल झाला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. माझ्या वेळी तो घट्टच असेल आणि माझं मनच खंबीर नसेल, हेही शक्य आहे. पण तेव्हा कुणी रायफल वाइसमध्ये लावून दहा गोळ्या मारल्या असत्या, तर उत्तर त्याच दुपारी मिळालं असतं.

[दृश्य: टॉर्क पाना. स्क्रू आवळला जातो. 'कट्' असा बारीक आवाज.]

स्क्रू. या एवढ्याशा गोष्टीला आपल्या मातीत जुना इतिहास आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तीनच वर्षांनी पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्क आपल्या राजाला लिहितो, की इथले बंदुका घडवणारे कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया तेव्हा युरोपात या कामासाठी नावाजलेला होता. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हा त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुकीची कळ आशियातल्या याच घडणीच्या वळणाची होती, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या लोहारांनी नळी हुबेहूब घडवली, पण नळीचं मागचं तोंड बंद करणारा आटेदार स्क्रू काही केल्या त्यांना जमेना, अशी जपानी परंपरा आहे. पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी कारागिराने तो शिकवला म्हणतात. फोंड्याच्या हॉलमध्ये पाना फिरवताना हे मला आठवतं आणि अंगावर काटा येतो.

[दृश्य: रायफलीचं लाकूड. कापडाने बॅरल पुसणारा हात.]

गोव्यात रायफल सांभाळणं हे वेगळंच काम आहे. पावसाळ्यात लाकडी स्टॉक ओल पितो, फुगतो, स्क्रूवरचा ताण बदलतो. उन्हाळ्यात तोच आकसतो. किनाऱ्याकडच्या मुलांच्या रायफलींवर खाऱ्या हवेने आठवड्यात गंजाचे ठिपके येतात. शिशाच्या पेलेटवर पांढरी भुकटी धरते आणि तसलं पेलेट बॅरलमध्ये सारखं बसत नाही. हातपंपाने सिलिंडर भरला तर दमट हवेतलं पाणी आत जाऊन बसतं. सिलिंडरवर तारीख छापलेली असते. कारखानदार साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात आणि ती तारीख उलटली की सिलिंडर बदलायचा, यात घासाघीस नाही. २०० बारची हवा चेष्टेची गोष्ट नव्हे.

नेमबाजाचं जाकीटसुद्धा ओल धरतं. कॅनव्हासचं ते ताठ जाकीट दमटपणात नरमतं, पाठीला आधार देईनासं होतं. एका थराला २.५ मिलिमीटर एवढीच जाडी नियमात बसते. त्यामुळे नरमलं म्हणून जाड शिवून घेता येत नाही. मुली ते घरी पंख्याखाली टांगतात. पेलेट हाताळून झाले की हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी पावाला हात लावायचा नाही, हा इथला सर्वांत कडक नियम आहे. शिसं पोटात जाऊन चालत नाही, मुलांच्या तर मुळीच नाही.

[दृश्य: मोबाइलवर व्हिडिओ पाहणारी दोन मुलं.]

मुलं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना नवं बॅरल, नवा ट्रिगर, हाताएवढा स्कोप. मग विचारतात, "सर, आपल्यालाही काही बसवता येईल?" इथला खेळ निराळा आहे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत गोळी एकेक करून हाताने भरायची आणि दुर्बीण चालत नाही. मागच्या साइटच्या बारीक भोकातून पुढच्या साइटचं कडं पाहायचं आणि त्या कड्यात काळं टार्गेट बसवायचं. एअर रायफलला वजनाची हद्द साडेपाच किलो. पण त्या व्हिडिओतल्या चांगल्या माणसांचा एक गुण मुलांनी जरूर उचलावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी व बदलल्यानंतर मोजायचं.

माझं मत विचाराल तर पैसे खर्च करण्याचा क्रम असा हवा. आधी टॉर्क पाना, म्हणजे स्क्रू दर वेळी ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, कारण तो सगळ्या क्लबला वर्षानुवर्षं पुरतो. मग आपल्या बॅरलला मानवलेले पेलेट, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत घडलेले, वर्षभराचे. मग खांद्याची बट प्लेट आणि गालाखालचा चीकपीस शरीराप्रमाणे बसवून घेणं, म्हणजे मान वाकडी करून नेम धरायला लागणार नाही. वाढत्या वयाच्या मुलांचं तर हे दर सहा महिन्यांनी पाहावं लागतं. साइट सर्वांत शेवटी. मी नेमकं उलट केलं होतं.

पन्नास मीटरच्या खेळात तर हे प्रकरण आणखी पुढे जातं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक घेतलं, तो थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायचा. तिथे पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, काडतुसं लागतात. त्यांचा प्रत्येक लॉट तपासतात. अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसांच्या कारखान्यात जातात, तिथल्या चाचणीच्या बोगद्यात एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जमलेल्या लॉटची खोकीच्या खोकी उचलतात. एअर रायफल ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर आपल्याकडे परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला लागतो. म्हणून लहान गावांतली बहुतेक मुलं दहा मीटरवरच सुरुवात करतात.

[दृश्य: मुलगी साइटचा नॉब एक क्लिक फिरवते. थांबते. वहीत लिहिते.]

११ ऑगस्ट २००८, बीजिंग. अभिनव बिंद्रा ५९६ गुणांनी फायनलला आला. फायनलआधीच्या सरावाच्या गोळ्यांतली पहिलीच चार गुणांच्या आसपास गेली. त्या दर्जाच्या नेमबाजाची गोळी तिथे जात नाही. साइट हलली होती. हाताशी काही मिनिटं होती. त्याने स्वतःच्या मनावर शंका घेतली नाही. साइट फिरवली, पुन्हा मारली, पुन्हा फिरवली. फायनलमध्ये १०४.५, शेवटची गोळी १०.८ आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. सर ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सांगतात. सुवर्णपदकावर ते फार रेंगाळत नाहीत, त्या नॉबवर रेंगाळतात. आपली रायफल कुठे मारते हे हजारो गोळ्यांनी ठाऊक असलेला माणूसच तेवढ्या वेळात म्हणू शकतो, की हे मी नाही, हे साइटचं आहे.

[दृश्य: बाहेर पाऊस थांबलाय. खिडकी उघडली जाते. बाकावर नऊ कार्डं.]

नऊ कार्डं झाली. ज्या डब्याने पहिल्याच कार्डावर एक पॉइंट एक दिलं होतं, त्याची पुढची दोन कार्डं दोनच्या पुढे गेली. ४.५० चा डबा तिन्ही वेळा दीडच्या आसपास राहिला. पहिलं कार्ड पाहून निकाल दिला असता, तर मुलगी चुकीचा डबा घेऊन स्पर्धेला गेली असती. ती डब्यावर चिकटपट्टी लावते, रायफलीचा नंबर लिहिते, लॉटचा नंबर लिहिते.

वाइस सैल होतो. रायफल तिच्या हातात येते. ती जाकीट चढवते, डावं कोपर बरगडीला टेकवते, गाल चीकपीसवर ठेवते. पहिली गोळी उजवीकडे जाते. ती रायफलीकडे पाहत नाही. स्वतःच्या पायांकडे पाहते आणि टाच थोडी सरकवते.

निघताना मी सरांकडे एक कार्ड मागितलं. या रायफलीचं, आठवण म्हणून.

"ते फायलीला लागतं रे," सर म्हणाले. "फोटो काढून ने."