तीन गाद्यांचं बेट

[दृश्य: नाकिजिनचा किल्ला. डोंगराच्या वळणाने जाणारा दगडी तट, खाली साकुरा, म्हणजे चेरीचा गडद गुलाबी बहर]

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावाचं मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. चौदाव्या शतकात एवढ्याशा जागेत तीन राजे नांदत होते. उत्तरेला होकुझान, त्यांचं ठाणं हा नाकिजिन. मधे चूझान, उरासोएला. दक्षिणेला नानझान. आपसात वैर, पण नजर तिघांचीही चीनवर.

चूझानच्या सात्तो राजाने १३७२ मध्ये चीनच्या मिंग घराण्यातल्या बादशहाला पहिला नजराणा धाडला, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत उरलेले दोघेही त्याच वाटेने गेले. नजराणा हे नाव. खरा मामला व्यापाराचा. मिंगांनी खासगी दर्यावर्दी व्यापारावर बंदी घातली होती, त्यामुळे बादशहाची मान्यता असेल त्याचंच जहाज बंदराला लागायचं. इकडून घोडे आणि बारुदीसाठी गंधक जायचं, तिकडून चिनी मातीची भांडी, रेशीम, लोखंडी सामान यायचं. एकट्या १३८३ साली मिंगांनी इथून ९८३ घोडे विकत घेतले.

[दृश्य: आग्नेय किनारा, साशिकी]

याच वर्षांत साशिकी नावाच्या लहानशा ठाण्यात हाशी वाढला. घराणं सरदारांचं, पण मोठं नव्हे. लोककथा अशी, की योनाबारूच्या किनाऱ्याला आलेल्या जहाजाला त्याने आपली आवडती तलवार दिली, बदल्यात लोखंड घेतलं आणि ते अवजारांसाठी शेतकऱ्यांत वाटून टाकलं. दरबारी इतिहास लिहायला सुरुवात झाली ती १६५० मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा अशा कथा जपूनच घ्याव्यात. पण लोखंड बेटावर सापडत नव्हतं, बाहेरूनच यायचं, एवढं खरं.

१४०६ मध्ये हाशीने चूझानचा राजा बुनेई याला हटवलं. स्वतः मात्र गादीवर बसला नाही. वडील शिशो यांना बसवलं. पुढच्या वर्षी मिंग दरबाराला निरोप गेला: वडील बुनेई वारले, मुलगा शिशो गादीवर आला आहे. ज्याला उलथवलं, कागदोपत्री त्याचाच वारस व्हायचं! बादशहाने मान्यता दिली. माझ्या मते हाशीची सगळ्यात मोठी लढाई हीच, आणि तीत रक्ताचा थेंब सांडला नाही.

[दृश्य: नाकिजिनचा दरवाजा, मग तलवारीचं निकटदृश्य]

नाकिजिन मात्र लढूनच घ्यावा लागला, साधारण १४१६ मध्ये. आजूबाजूचे सरदार आधीच चूझानला मिळाले होते. दंतकथेत राजा हानआन्ची बाहेर लढत असताना त्याचाच माणूस फितूर होतो. चिडलेला राजा किल्ल्याचं रक्षण करणाऱ्या पवित्र शिळेवर तलवारीचा घाव घालतो, पुढे तीच तलवार नदीत फेकून देतो. त्याच्या नावाने सांगितली जाणारी ‘चियोगानेमारू’ तलवार आज ओकिनावातल्या नाहा शहराच्या संग्रहालयात आहे. मूठ एका हाताला पुरेल एवढीच. जपानी तलवारींत असं सहसा दिसत नाही.

[दृश्य: इतोमानमधला कादेशी झरा]

राहिलं नानझान. तिथला राजा तारोमाई याला म्हणे हाशीचा सोनेरी पडदा हवासा वाटला. हाशीने मोबदल्यात हा झरा मागितला, आणि तो मिळाल्यावर आपल्या बाजूच्या शेतकऱ्यांनाच पाणी देऊ लागला. शेतं वाळायला लागली तशी माणसंही राजापासून तुटली. कथा खरी की खोटी, कोण सांगणार? झरा अजून वाहतो, आणि नानझानच्या किल्ल्याच्या जागी आता प्राथमिक शाळा भरते. १४२९ मध्ये नानझान पडलं.

[दृश्य: शुरी, र्‍युतान तलाव]

राजधानी शुरीला स्थिरावली. मलाक्का, सयामपर्यंत जहाजं जाऊ लागली; तिथली मिरी आणि रंगासाठी लागणारं पतंग झाडाचं लाकूड चीनला, चीनची भांडी इतरत्र. सगळं बेट हातात आलं तरी मिंगांच्या लेखी हाशी चूझानचाच राजा राहिला. हाच किताब त्याच्या वारसांनाही चालला.

१४३९ मध्ये हाशी गेला. १४५३ मध्ये भाऊबंदकीत शुरीचा वाडा जळाला. १४६९ मध्ये घराणंच संपलं आणि गादी मिळाली कानामारूला. इझेना बेटावरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा परराष्ट्र व्यापाराचा कारभार पाहून वर आला होता. त्याने नाव घेतलं शो एन, आधीच्या राजांचंच ‘शो’ हे आडनाव लावून. मिंग दरबाराला कळवलं, वडील वारले. मान्यता याही वेळी आली, आणि त्याचं घराणं १८७९ पर्यंत टिकलं.