घरची शाळा आणि घरची श्रद्धा

नमस्कार श्रोतेहो.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावं आणि त्या शिकण्यात आपली श्रद्धाही असावी, असं वाटणारे आईबाप हल्ली मला बडोद्यात वरचेवर भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी शार्लट मेसन हे नाव ऐकलेलं असतं. माझी दोन मुलं याच पद्धतीच्या आधारानं शिकतात. ही पद्धत आपल्या घरात आणताना काय ठेवावं, काय बदलावं, याबद्दल आज बोलणार आहे.

मेसनबाई इंग्लंडच्या. जन्म १८४२चा, मृत्यू १९२३चा. अँबलसाइड या गावी १८९२मध्ये त्यांनी मुलांना घरी शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठी संस्था काढली. त्यांची रीत सांगायला सोपी आहे. सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नाहीत, मोकळी हवा भरपूर. मग छोटे धडे, लहानांसाठी फार तर वीस मिनिटांचे. चांगलं पुस्तक एकदाच वाचून दाखवायचं आणि मुलानं लगेच ते आपल्या शब्दांत सांगायचं. दुपारी बाहेर पडून झाडं, पाखरं, किडे बघायचे आणि वहीत चितारायचे. एका सत्रात एकाच चित्रकाराची चित्रं निवांत पाहायची.

बाई मनापासून ख्रिस्ती होत्या आणि त्यांच्या धड्यांत बायबलला पहिला मान होता. आपल्याकडे मग बहुतेक जण काय करतात? बायबलच्या जागी हरिपाठ ठेवतात, आणि बाकी वेळापत्रक जसंच्या तसं. नऊला हरिपाठ, सव्वानऊला गणित. मला हे पुरेसं वाटत नाही. त्यानं पद्धतीचं बाहेरचं रूप येतं, तिचा प्राण येत नाही.

तो प्राण कुठे आहे, हे एका चित्रावरून कळतं. फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेला या चर्चच्या आवारात चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. वर पवित्र आत्मा उतरतो आहे आणि खाली व्याकरण, संगीत, भूमिती, अंकगणित अशा विद्या ओळीनं बसल्या आहेत. मेसनबाईंना हे चित्र फार मोलाचं वाटे. व्याकरण आणि भूमितीही देवाच्याच प्रेरणेनं येतात, मुलाच्या मनात धर्माचा कप्पा वेगळा आणि विद्येचा वेगळा असं काही नसतं, हे त्यांनी त्यातून घेतलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. विनोबा भाव्यांचं शालेय शिक्षण इथे बडोद्यात झालं. त्यांच्या आईनं देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचं व्रत धरलं होतं. ती एकेक दाणा मोजून बाजूला ठेवायची. वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ आणि कमी पडू नये म्हणून वर अर्धा तोळा घाल. आईला काय उत्तर द्यावं ते सुचेना. विन्या घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं. त्यानं सांगितलं की हे नुसतं गणित नाही, दाण्यागणिक देवाचं आणि संतांचं स्मरण आहे, तेव्हा एकेकच मोजायचा.

ही गोष्ट मी मुलांना वाचून दाखवली तेव्हा माझ्या मुलीनं दोन्ही केलं. आधी वडिलांच्या रीतीनं दहा ग्रॅम तांदूळ मोजून लाखाचं वजन काढलं. मग आईच्या रीतीनं एकशे आठ दाणे नाम घेत मोजले. वेगळा तांदूळ घेतला तर वजन का बदलतं, हा पुढचा पाठ तिनंच काढला. हरिपाठाचा वेगळा तास ठेवून हे झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा बाईंची कुठलीही कृती घ्या आणि आधी विचारा, हिचं काम काय? मग ते काम करणारं आपल्या घरात आधीच काय आहे ते शोधा. त्यांच्या पद्धतीनं शिकणाऱ्या मुलांना बायबलमधले उतारे मुखोद्गत असत. आमच्याकडे गीताई आहे. विनोबांच्या आईनं त्यांच्याकडे सोप्या मराठीतली गीता मागितली होती. आई गेली १९१८मध्ये आणि गीताई लिहिली गेली १९३०-३१मध्ये. बारावा अध्याय वीसच श्लोकांचा आहे, तो आधी घ्यावा. जी मराठी कुटुंबं ख्रिस्ती आहेत त्यांनीही इंग्रजी स्तोत्रांवर थांबू नये. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्याच भाषेत आहेत.

चित्रांसाठी परदेशी छापील पानं कशाला शोधायची? बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीरेचं चरित्र, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा. एका खेपेला एकच भिंत. मुलानं मनसोक्त बघावं, मग पाठ फिरवून काय पाहिलं ते सांगावं. यातली नटी बुद्धाची उपासक आहे. आपल्या देवघरात नसलेली श्रद्धाही इतकी सुंदर चितारता येते, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र बाईंकडून बदल न करता घ्यावी. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य सांगायचं नाही. आपल्याला हे फार जड जातं, कारण आपले कान कीर्तनावर पोसलेले. कीर्तनात निरूपण हवंच, पण ते भरल्या सभेत. सात वर्षांच्या मुलाला जनाबाईची गोष्ट सांगून वर ‘म्हणून काय शिकलास?’ विचारलं, की त्याच्या डोळ्यांतली जनाबाई पुसली जाते. त्याला नुसतं सांगू द्या. गुजरातीमिश्रित मराठीत सांगेल. सांगू दे. बडोद्यातलं मूल असंच बोलणार. वाक्य मध्येच अडवून दुरुस्त केलंत तर पुढच्या वेळी ते दोनच वाक्यं सांगेल.

आणि आजीला यात घ्या. बाईंच्या पुस्तकांत बहुतेक आई नाहीतर शिक्षिका दिसते, आपल्या घरात आजी असते. आमच्याकडे ऐकायचं काम सासूबाईंचं आहे, कारण त्यांना खरंच पुढे काय झालं ते जाणून घ्यायचं असतं.

घरात एखाद्याची श्रद्धा नसेल तर ते लपवू नका. मुलाला ते दिसतंच.

कायद्याचंही सांगते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यता नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे, तिथे वय किमान १४ लागतं. सयाजीरावांनी १९०६मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या शहरात आपण मूल घरी ठेवतो आहोत. तेव्हा लिहिणं, वाचणं, हिशेब यांत कसूर चालणार नाही.

शेवटी सत्रांबद्दल. बाईंची वर्षाला तीन सत्रं असत. आम्ही एक सत्र आषाढी ते कार्तिकी असं चातुर्मासाचं धरतो. एकादशीला गणित नाही, वाचन आणि फिरणं. सत्राअखेर त्यांच्याकडे परीक्षा असे, पण प्रश्न ‘याबद्दल सांग’ अशा धर्तीचे. आमच्याकडे मुलं उत्तरं तोंडी देतात, आजीसमोर. येत्या कार्तिकीचे प्रश्न मी काढून ठेवले आहेत: विश्वामित्री नदीतल्या मगरीबद्दल तुला काय ठाऊक आहे ते सांग. गीताईचा बारावा अध्याय म्हण. गंगावतरणाच्या भिंतीवर कोण कोण आहे? आणि लाख तांदळाचं वजन कसं काढशील, आजीला समजेल असं सांग.

नमस्कार.